पेनेलोपीचा लाकडी चेहरा

लाकडाला रडू येत नाही, म्हणून ऑपेरात बाहुल्या नकोत, असे म्हणणाऱ्यांचा पूर्वपक्ष आधी नीट ऐकायला हवा. तो अगदीच पोकळ नाही. ऑपेरात आवाज आणि देह एकच असतात, असे ते म्हणतात. गाणाऱ्याच्या मानेची शीर ताणते, छाती भरून येते, तेच पाहायला आपण जातो. बाहुली आली की आवाज एकीकडे, देह दुसरीकडे. शिवाय बाहुल्या म्हणजे पोरखेळ. (आपल्याकडे तर बाहुली म्हटली की अर्धवटराव डोळ्यांपुढे येतो आणि चर्चा तिथेच संपते.)

पोरखेळाचा आक्षेप इतिहासच निकालात काढतो. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हेनिसमध्ये बाहुल्यांचे ऑपेरे होत. गायक पडद्याआड गात. १७७३ मध्ये संगीतकार हायडनने फिलेमोन आणि बाऊसिसची पुराणकथा एस्टरहाझाच्या बाहुलीगृहात सादर केली, तीही सम्राज्ञी मारिया थेरेसापुढे.

आवाज-देहाच्या एकीचे म्हणाल, तर ती बरोक रंगभूमीला कधी हवी होती? तिथे देव यंत्राच्या ढगांतून उतरत आणि महापराक्रमी वीर खच्ची केलेल्या गायकांच्या उंच पट्टीत गात. आणि आपण कुठल्या तोंडाने बोलावे? १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा पदे सूत्रधार म्हणे आणि हावभाव पात्रे करीत. याच भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या.

पण इतिहासात घडले म्हणून आज शोभते, असे मी म्हणत नाही. शोभते का, ते प्रयोगावरून ठरावे. १९९८ मध्ये ब्रसेल्सला दिग्दर्शक विल्यम केंट्रिजने संगीतकार मॉन्तेव्हेर्दीचा ‘युलिसिसचे स्वदेशी पुनरागमन’ हा ऑपेरा दक्षिण आफ्रिकेच्या हँडस्प्रिंग कंपनीच्या बाहुल्या घेऊन केला. मूळ ऑपेरा १६४० च्या सुमारास व्हेनिसला झाला, तेव्हा मॉन्तेव्हेर्दीने सत्तरी ओलांडली होती. केंट्रिजचा युलिसिस जोहान्सबर्गच्या इस्पितळात खाटेवर पडला आहे. आपल्या मायदेशाची, इथाकाची वाट तो तिथूनच चालतो. एका बाहुलीला दोन माणसे: एक खेळवणारा, एक गायक. दोघेही उघड्यावर, दोघांची नजर बाहुलीवर. गायक श्वास घेतो तेव्हा बाहुलीची छाती वर येते. आवाज-देहाची फाळणी झाली म्हणता, पण इथे एका देहासाठी दोन माणसे राबत आहेत.

आणि ही युक्ती वरून चिकटवलेली नाही. या ऑपेराची नांदीच मुळी अशी की मानवी दुर्बलता रंगमंचावर येते आणि काळ, दैव नि प्रेम तिला आपल्या ताब्यात असल्याचे ठणकावतात. दुसऱ्यांच्या हातांनी हलणाऱ्या माणसाची गोष्ट दुसऱ्यांच्या हातांनी हलणाऱ्या देहाने सांगितली, यात विपरीत ते काय?

आता चेहरा. लाकडी चेहरा भाव बदलत नाही, हे खरे. पण युलिसिसच्या बायकोला, पेनेलोपीला पाहा. नवऱ्याची वाट पाहत वीस वर्षे तिने चेहरा मिटून घेतला आहे. मॉन्तेव्हेर्दीही तिला मोकळे गाऊ देत नाही. बोलण्याला लागून चालणाऱ्या संथ गायनातच ती अडकलेली. युलिसिसने धनुष्य वाकवले, तिच्याशी लग्नाला टपलेल्या वरांचे मुडदे पडले, तरी ती नवऱ्याला ओळखत नाही. दायी सांगते, मुलगा सांगतो, ती हलत नाही. मग युलिसिस शय्येवरच्या रेशमी पासोडीची खूण सांगतो, तिने स्वतः विणलेल्या डायनाच्या चित्राची, आणि तेव्हा कुठे तिचे गाणे फुटते. हाडामांसाच्या गायिकेला ही वीस वर्षांची घडी अभिनयाने धरावी लागते; बऱ्याचदा ती आधीच विरघळते. कोरीव चेहरा विरघळत नाही. तो शेवटच्या गाण्यातही तसाच असतो, आणि बदल ऐकायला कान उरतात.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. केंट्रिजच्या मागच्या पडद्यावर कोळशाची रेखाटने सतत सरकतात, त्यांत शरीराच्या आतली चित्रे येतात, आणि अधूनमधून डोळा बाहुलीला सोडून तिकडे पळतो. गायक, खेळवणारा, बाहुली, पडदा: चौघांना दोन डोळे पुरत नाहीत. विरोधकांनी भांडायचेच असेल तर त्या पडद्याशी भांडावे. लाकडाची बाजू मी सोडणार नाही.