लांब गेलेल्या मित्राला खेळातून वगळू नका

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'सारखे रोल-प्लेइंग खेळ वर्षानुवर्षं एकत्र खेळणाऱ्या प्रत्येक गटावर एक वेळ येतेच. कुणी नोकरीसाठी परदेशी जातं, कुणाच्या घरी बाळ येतं, कुणाची आई अंथरुणाला खिळते. कॅम्पेन, म्हणजे गटाची सलग चाललेली गोष्ट, मात्र चालूच राहतं. मग त्या मित्राच्या पात्राचं काय करायचं?

बहुतेक डीएम, म्हणजे खेळ चालवणारे 'डन्जन मास्टर', पात्राला कुठल्यातरी कामगिरीवर धाडून मोकळे होतात, नाहीतर स्वतःच ते चालवतात. दुसरा मार्ग मला जास्त खटकतो. त्यात पात्र लढतं, पण त्याचा हट्ट, त्याची भांडणं, त्याचे विनोद सगळे उसने असतात. आपल्याच पात्रानं कुणाशी वैर घेतलं, हे मित्राला महिन्यांनंतर इतरांकडून ऐकावं लागतं. तेव्हा डीएम मंडळी, एवढं करा: प्रत्येक सेशनमागे निदान एक निर्णय त्याच्याकडे सोपवा, आणि तो असा असू द्या की त्यानं गोष्ट खरोखर वळेल.

यासाठी खेळातच सोय आहे. 'सेंडिंग' हा तिसऱ्या पातळीचा मंत्र. जास्तीत जास्त 25 शब्दांचा निरोप कितीही दूर जातो आणि समोरच्यालाही 25 शब्दांतच उत्तर देता येतं. समजा, मैत्रीण न्यू जर्सीला आहे. पुण्यात रविवारी संध्याकाळी 7 वाजता तुम्ही फासे काढता, तेव्हा उन्हाळ्यात तिच्याकडे सकाळचे साडेनऊ झालेले असतात. घरात पोरांचा गोंधळ, व्हिडिओ कॉल जमत नाही. मग सेशनच्या शेवटी तुमच्या क्लेरिकनं, म्हणजे मंत्र जाणणाऱ्या पुजारी पात्रानं, तिच्या पात्राला प्रश्न विचारायचा, तिनं आठवडाभरात सवडीनं व्हॉट्सॲपवर उत्तर द्यायचं आणि पुढचं सेशन ते वाचूनच सुरू करायचं. "उत्तरेच्या दारानं येऊ नका, पहारेकरी फितूर आहेत. मी बंदरात लपलेय. सरदाराचं जहाज आज रात्री पेटवतेय. तुम्ही मागच्या भिंतीवरून या." आता जहाज पेटलंच पाहिजे. त्या जहाजावर तुम्ही पुढची तीन सेशन बेतली असली, तरीही. पात्रं खेळातल्या वेगवेगळ्या विश्वांत (प्लेन्समध्ये) असतील तर निरोप न पोहोचण्याची शक्यता नियमानं 5 टक्के, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर एक पडला तर. तो फासा सगळ्यांसमोर टाका.

याहून सोपं हवं असेल तर मित्राला खलनायक द्या. फोनवर दहा मिनिटांत तो खलनायकाची पुढची चाल ठरवेल आणि टेबलावर ती डीएमखेरीज कुणालाच ठाऊक नसेल.

दूर राहून गोडी जाते, असं कुणी म्हणालं तर त्याला या खेळाचा जन्म सांगा. गॅरी गायगॅक्स विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाचे, डेव्ह आर्नेसन मिनेसोटातले. 1974 साली आलेला हा खेळ त्या दोघांनी बराचसा पत्रांतून आणि फोनवरून घडवला.

दोन पथ्यं मात्र पाळा. मित्राला न विचारता त्याचं पात्र मारू नका. फासे विरुद्ध गेले तर त्याला जखमी करा, कैदेत टाका, पण मरण त्याच्या संमतीनंच. आणि आईच्या उशाशी बसलेल्या माणसाला खेळही नकोसा असू शकतो. तो नाही म्हणाला तर आग्रह धरू नका, अधूनमधून नुसती चौकशी करत राहा.

जो परत येणारच नाही, त्याचं नाव तुमच्या जगात कुठेतरी कोरून ठेवा. गायगॅक्स यांचा मुलगा अर्नेस्ट याच्या नावातली अक्षरं उलटसुलट करून 'टेन्सर' हे त्याच्या पात्राचं नाव झालं, आणि ओझं वाहणाऱ्या तरंगत्या तबकडीच्या मंत्राला ते मिळालं. तुमच्या नकाशावरही एखादा पूल, एखादी खानावळ मित्राच्या पात्राच्या नावाची असू दे.

येत्या सेशनची तयारी करण्याआधी त्याला एक मेसेज टाका आणि विचारा, "तुझं पात्र आता काय करेल?"