फोटो सुटतो, फोटोओळ अडकते

जे. गर्सन द कुन्हा यांचे चौल आणि वसईच्या इतिहासावरचे पुस्तक १८७६ साली मुंबईत निघाले, तेव्हा त्यात शिळाछापाच्या चित्रांसोबत १७ छायाचित्रेही होती. ती आजही अभ्यासकांच्या कामाची आहेत, कारण कोणते चित्र कशाचे, हे त्याच पुस्तकात सांगितलेले आहे. पुस्तक या कपाटातून त्या कपाटात गेले, ग्रंथालय बदलले, तरी चित्र आणि माहितीची ताटातूट होत नाही. आज रायगड जिल्ह्यातल्या चौलच्या दत्ताच्या यात्रेत एका संध्याकाळी त्याच्या कितीतरी पट फोटो निघतात. मात्र त्यांची माहिती त्यांच्यासोबत टिकणार की नाही, हे बऱ्याच अंशी ते ज्या प्रोग्राममध्ये ठेवले जातात तो प्रोग्राम ठरवतो. म्हणून असा प्रोग्राम बदलताना नव्यात रंग कसे उठतात आणि वर्षाला किती पैसे पडतात हे पाहण्याआधी, जुन्यातून आपले काय काय बाहेर काढता येते, हे विचारले पाहिजे.

आज ना उद्या प्रोग्राम बदलण्याची ही वेळ येतेच. गूगलने २००४ मध्ये विकत घेतलेला पिकासा एके काळी घरोघरच्या संगणकांवर असे. २०१६ मध्ये तो बंद झाला. ॲपलने २००५ मध्ये आणलेल्या ॲपर्चर या फोटो-प्रोग्रामचे काम थांबवत असल्याचे २०१४ मध्ये सांगितले आणि २०१९ च्या मॅक प्रणालीवर तो चालेनासाच झाला. ॲडोबीच्या लाइटरूमची एकदाच पैसे भरून कायमची घेता येणारी शेवटची आवृत्ती २०१५ ची. पुढे फक्त वर्गणीच उरली. गूगल फोटोजची मोफत अमर्याद साठवण १ जून २०२१ पासून संपली आणि मेलसकट सगळ्याला मिळून १५ जीबीची मर्यादा लागली. कंपन्यांनी आपल्या सोयीने धंदा करणे यात गुन्हा नाही. पण ज्या घरातून कधीतरी निघायचे हे ठाऊक आहे, तिथे भिंतीत पुरून ठेवलेले सामान आपले राहत नाही.

निघताना फोटोची फाइल सहसा सुखरूप येते. मागे राहते ती फोटोभोवतीची मेहनत. पिकासाचेच पाहा. त्यात लिहिलेली फोटोओळ जेपीईजी फाइलीच्या आत नोंदली जाई, त्यामुळे ती आज दुसऱ्या प्रोग्राममध्येही वाचता येते. चेहऱ्यांना दिलेली नावे आणि अल्बमची रचना मात्र पिकासा प्रामुख्याने स्वतःच्या वेगळ्या फाइलींत ठेवी. प्रोग्राम गेला आणि बहुतेकांची ती मेहनतही गेली. लाइटरूम क्लासिकमध्ये फोटोओळी, शोधशब्द आणि फेरफार कॅटलॉग या त्याच्या स्वतःच्या नोंदफाइलीत साठतात. ते एक्सएमपी या खुल्या स्वरूपात बाहेर लिहिण्याची सोय आहे, पण ती आपणहून चालू करावी लागते आणि कलेक्शनची मांडणी तरीही बाहेर येत नाही. गूगल फोटोजमधून सर्व काही उतरवून घेता येते, पण तिथे लिहिलेले वर्णन शेजारच्या वेगळ्या फाइलीत मिळते. नव्या प्रोग्रामला ती फाइल कळली तर ठीक.

चौलसारख्या गावाला याची किंमत अधिक मोजावी लागते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पडलेल्या पोफळीचा फोटो कोणत्या वाडीचा आणि कोणत्या दिवसाचा, हे सांगता आले नाही तर तो नुकसानीचा पुरावा म्हणून लंगडा पडतो. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून कॅमेऱ्याने नोंदवलेली तारीख आणि जागा गळून जाते, हे तर अनेकांच्या गावीही नसते. चौलशेजारच्या रेवदंड्याच्या कोटातील पोर्तुगीज भिंतींचेही तसेच. एखादी कमान ढासळली किंवा देवळाचा जीर्णोद्धार झाला, की आधीचे रूप फक्त फोटोत उरते. आणि साल-ठिकाण नसलेल्या फोटोवरून काहीच सिद्ध होत नाही.

यावर म्हटले जाते की आता यंत्रच चेहरे आणि जागा ओळखते, मग लिहायचे कशाला? यंत्राची ही मदत खरी आहे आणि ती घ्यावीच. पण ते समोर दिसणारे देऊळ ओळखील. पालखी कोणाच्या खांद्यावर होती आणि ती कोणत्या आळीची, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. दुसरा आक्षेप वेळेचा. हजारो फोटोंना ओळी लिहिणे अशक्यच, पण वर्षाकाठी निवडक शंभर फोटोंना नाव, गाव आणि साल देणे अशक्य नाही. केलेले फेरफार परक्या प्रोग्राममध्ये जसेच्या तसे उमटत नाहीत, हेही खरे; त्यावर मूळ फाइल आणि तयार झालेली प्रत दोन्ही ठेवणे हा साधा उपाय आहे. सर्वांत वजनदार आक्षेप खासगीपणाचा, कारण फाइलीत नोंदलेली जागा घराचा पत्ताही उघड करते. त्यासाठी जपणुकीची प्रत पूर्ण नोंदींसह ठेवावी आणि वाटायची प्रत नोंदी काढून द्यावी. दोन्हींची गल्लत मात्र करू नये.

तरीही सगळा भार ग्राहकावर टाकून चालणार नाही. युरोपीय संघाच्या जीडीपीआर कायद्याने मे २०१८ पासून नागरिकाला आपली माहिती यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात दुसऱ्या सेवेकडे नेण्याचा हक्क दिला आहे. आपल्याकडे २०१९ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयकात असा हक्क होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तो उरला नाही. तो परत आणावा आणि फोटोच्या बाबतीत माहिती फाइलीच्या आत किंवा खुल्या मानकात देण्याची अटही घालावी. एक्सएमपी २०१२ पासून आयएसओ मानक आहे, त्यामुळे तंत्र नाही ही सबब चालणार नाही. कायदा होईपर्यंत देवस्थाने, शाळा आणि ग्रामपंचायतींनी फोटोचे काम देताना एवढी एक अट लिहून घ्यावी, की फोटो फोटोओळीसकट हाती पडल्याशिवाय शेवटचे बिल निघणार नाही. आणि घरच्या माणसाने नव्या प्रोग्रामवर सगळा संग्रह चढवण्याआधी दहा फोटो आत घालून, ओळी लिहून, पुन्हा बाहेर काढून पाहावेत. ओळी बाहेर आल्या नाहीत, तर तो प्रोग्राम कितीही देखणा असला तरी आपल्या कामाचा नाही.