सर्वांस एकच माप?

मुलांनो, नाशिकजवळील देवळालीच्या शाळेत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे एक शिक्षक होते. १९३० ते १९६२ या काळात त्यांनी अध्यापन केले. त्यांचे मन मात्र सदैव अंकांत रमलेले असे. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा व त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. हीच क्रिया पुनःपुन्हा केल्यास फार तर सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते. हा शोध कापरेकरांचा. त्या काळी कित्येक जाणत्यांनी त्यांचे कार्य क्षुल्लक मानले. पुढे १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी त्यावर लिहिले, तेव्हा त्याची कीर्ती जगभर पसरली.

एकाच विषयात रमणाऱ्यांची अशी उपेक्षा शाळेतही होते. काही मुले जन्मतःच स्वमग्न असतात. स्वमग्नता हा रोग नव्हे. ती मेंदूची निराळी घडण होय. अशा मुलास घंटेचा कर्कश नाद असह्य होतो, ठरलेला क्रम अचानक बदलला की ते गोंधळते, बोलताना ते नजर चुकविते. अशी सर्वच मुले असामान्य बुद्धीची नसतात. परंतु जी असतात, त्यांची दुहेरी कोंडी होते. “एवढे अवघड गणित सुटते, मग साधा निबंध का लिहिता येत नाही?” असे त्यांस विचारले जाते. बुद्धी दिसली की साहाय्य नाकारले जाते, आणि अडचण दिसली की बुद्धीकडे दुर्लक्ष होते.

कोणी म्हणेल, शाळेस शिस्त नको काय? अवश्य हवी. परंतु शांत कोपरा, थोडा अधिक वेळ, बदलाची पूर्वसूचना यांनी शिस्त बिघडत नाही. २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यानेही स्वमग्न मुलांचा सर्वांसमवेत शिकण्याचा हक्क मान्य केला आहे. तथापि, वर्गातील हसणे कायद्याने थांबत नाही. ते तुम्हीच थांबवावयाचे आहे. मधल्या सुटीत एकट्या बसणाऱ्या सोबत्यास त्याच्या आवडीचा विषय विचारून पाहा.

कापरेकरांच्या रीतीने निरनिराळ्या संख्या शेवटी एकाच संख्येपाशी येतात. मुले म्हणजे संख्या नव्हेत. त्यांना एकाच ठिकाणी आणण्याचा हट्ट शाळेने धरू नये, हेच खरे.