बंद मूठ आणि उघडी आज्ञावली



मुलांची शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, शिधापत्रिका ही कामे आज संगणकावर चालतात. पूर्वी कचेरीतील कारकुनाने अर्ज फेटाळला, तर निदान त्याला जाब विचारता येत असे. आज पडद्यावर 'अपात्र' ही तीन अक्षरे उमटली की कारकूनही हात वर करतो. निर्णयाचा नियम संगणकाच्या आज्ञावलीत लिहिलेला असतो, आणि ती आज्ञावली पुष्कळदा एखाद्या कंपनीच्या कुलुपात असते. जनतेच्या पैशाने, जनतेचे हक्क ठरविण्यासाठी लिहिलेली ही आज्ञावली जनतेपासूनच गुप्त का असावी?

ज्या सॉफ्टवेअरची आज्ञावली कोणासही वाचता, तपासता, सुधारता व वाटता येते, त्यास मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. शासकीय कामात त्यास पसंती द्यावी आणि ते वगळणाऱ्या पुरवठादाराने कारण द्यावे, असे धोरण केंद्र सरकारने २०१५ साली जाहीर केले. तरीही एप्रिल २०२० मध्ये 'आरोग्य सेतु' लोकांच्या हाती दिले गेले, ते बंद आज्ञावलीनिशी. चोहोकडून टीका झाल्यावर २६ मे रोजी तिचा एक भाग खुला झाला.

कागदावरील ठरावाचे मोल आम्हांस नव्याने शिकावयाचे नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा बोले ठराव १९२३ सालचा. महाड नगरपालिकेने तो १९२४ मध्ये स्वीकारला. परंतु चवदार तळ्याच्या पाण्याला आमची ओंजळ लागली ती २० मार्च १९२७ रोजी, परमपूज्य बाबासाहेब स्वतः तळ्यावर गेले तेव्हा! पसंती म्हणजे हक्क नव्हे.

बंद आज्ञावलीवर आंधळा विश्वास ठेवल्याने काय होते, ते इंग्लंडने पाहिले आहे. तेथील टपाल खात्याच्या 'होरायझन' या संगणक-यंत्रणेने हिशेबात खोटी तूट दाखविली. यंत्र चुकणार नाही, असे मानून नऊशेहून अधिक पोस्टचालकांना गुन्हेगार ठरविण्यात आले. त्यांच्या शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा २०२४ साली आला. आज्ञावली तपासण्याचा हक्क त्यांना आरंभीच असता, तर एवढी घरे उद्ध्वस्त झाली असती काय?

आज्ञावली उघडी केल्यास चोरांचे फावेल, असा आक्षेप घेतला जातो. परंतु आम्ही लोकांची खाजगी माहिती उघडी करा असे म्हणत नाही. नियम उघडा करा, एवढेच म्हणतो. कुलपाची रचना सर्वांना ठाऊक असली, तरी किल्ली ज्याची त्याच्याच खिशात राहते.

भगवान बुद्धांनी धम्म सांगताना आचार्याची बंद मूठ ठेवली नाही. या आणि स्वतः पाहा, अशी त्यांची शिकवण होती. जी पोथी आपणांस वाचू दिली जात नाही, तिचा निवाडा शिरोधार्य मानावयाचा नाही, म्हणून तर आपण दीक्षा घेतली. मग यंत्रातील पोथीपुढे मान का तुकवावी?

यापुढे अर्ज नामंजूर झाला, तर गप्प बसू नका. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानुसार, ज्याच्याविषयी निर्णय झाला त्यास कारणे देणे हे शासकीय कार्यालयाचे कर्तव्य आहे. ती लेखी मागा. आणि आपल्या मुला-मुलींना ही आज्ञावली वाचावयास शिकवा. वाचता न येणाऱ्याला उघडी पोथीही बंदच असते.

जय भीम!