मिस्त्रीला वाचता येतं

आमच्या समाजाला हिणवायचं असेल तर सोशल मीडियावर एक शब्द कायम तयार असतो: ‘पंक्चरवाले’. त्यावर भरपूर लिहून झालंय. आज मला आमच्याच मंचांवरून ऐकू येणाऱ्या एका वाक्याबद्दल बोलायचं आहे. दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार असतो. पाहुणे माइक हातात घेतात आणि सांगतात, “शिका, नाहीतर आयुष्यभर गॅरेजमध्ये हात काळे करत बसाल.” टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणाऱ्यांत मागच्या रांगेतले काही बापही असतात. वजू करूनही त्यांच्या नखांतलं ऑइल पुरतं निघालेलं नसतं.

पहिला शब्द द्वेषानं येतो, दुसरं वाक्य काळजीनं. पण दोन्हींच्या पोटात समजूत एकच आहे: गॅरेजच्या कामाला हात लागतात, डोकं लागत नाही. ही समजूत साफ खोटी आहे. ती खोडून काढायला एक बोल्ट पुरेसा आहे.

इंजिनाच्या तळाशी ऑइलचं चेंबर असतं. त्याच्या बुडाचा बोल्ट काढला की जुनं ऑइल खाली येतं. काही गाड्यांत या बोल्टच्या टोकाला लोहचुंबक असतं. इंजिनात जे घासलं जातं त्यातले लोखंडी कण ऑइलबरोबर फिरत येतात आणि त्याला चिकटतात. चांगला मिस्त्री हा बोल्ट लगेच पुसत नाही. आधी उजेडात धरतो, वरचा काळा लेप अंगठा आणि बोटात घेऊन चोळतो. बघणाऱ्याला वाटतं, घाण चिवडतोय.

तो काय करतोय ते ऐका. लेप मऊ, करडा-काळा आणि बोटांना न टोचणारा असेल, तर ती रोजची झीज. गाडी नवी असेल आणि पहिलंच ऑइल बदलत असतील, तर लेप थोडा जास्त असला तरी तो घाबरत नाही. नवे भाग एकमेकांवर बसताना घासतातच. पण बोटाला काही टोचलं, चमकणारी कपची किंवा सुईसारखा तुकडा हाती लागला, की त्याचे प्रश्न सुरू होतात. गाडी किती किलोमीटर चालली? मागचं ऑइल कधी बदललं? सकाळी चालू करताना आवाज येतो का? धूर कसला? पिस्टनच्या रिंगा, सिलिंडरची भिंत, कॅमशाफ्ट, टायमिंग चेन, ऑइल पंप, यातलं काय खातंय, याचा तो एकेक करून माग काढतो.

त्याला आणखी एक गोष्ट ठाऊक असते. चुंबक स्वच्छ निघालं म्हणजे इंजिन निरोगी, असं नाही. चुंबक फक्त लोखंड आणि पोलाद धरतं. पिस्टन बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचा असतो. क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवर शिसं, कथील, तांबं, ॲल्युमिनियम अशा धातूंचे थर असतात. यातलं काहीही चुंबकाला चिकटत नाही. म्हणून तो निघालेल्या ऑइलमध्ये सोनेरी-चंदेरी चमक शोधतो. शंका आलीच तर फिल्टर कापतो आणि आतला कागद पसरून बघतो.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. वाचन म्हणजे काय, हे मला रोज वर्गात समजावून सांगावं लागतं. खूण ओळखायची, मागचापुढचा संदर्भ लावायचा, अर्थ काढायचा आणि तो अर्थ दुसऱ्या पुराव्याशी ताडून बघायचा. मिस्त्री त्या बोल्टवर नेमकं हेच करतो. त्याची अक्षरं लोखंडाच्या किसाची आहेत, एवढाच फरक.

हेच काम दुसऱ्या ठिकाणी झालं की त्याला शास्त्र म्हणतात. हेलिकॉप्टरच्या इंजिनात आणि गिअरबॉक्समध्ये असेच चुंबकी प्लग असतात. त्यांच्यावर कण जमले की वैमानिकासमोर दिवा लागतो. अमेरिकेतल्या एका रेल्वे कंपनीनं १९४० च्या दशकात इंजिनाच्या ऑइलमधले धातू स्पेक्ट्रोमीटरनं मोजायला सुरुवात केली. आपल्या रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही ऑइल तपासणाऱ्या प्रयोगशाळा असतात. तिथल्या माणसाला हुद्दा आहे, पगार आहे, रजा आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत तोच प्रश्न बोटांनी सोडवणारा माणूस मात्र ‘अनपढ’ ठरतो.

आता आपल्या घरातली गंमत बघा. सीरतच्या आणि तालीमच्या जलशांत वक्ते अल-जझरीचं नाव मोठ्या अभिमानानं घेतात. त्यांनी १२०६ मध्ये यंत्रांवरचा ग्रंथ पूर्ण केला, हे खरंच. पण अल-जझरी होते कोण? दरबाराच्या पदरी असलेले, स्वतःच्या हातानं यंत्रं घडवणारे कारागीर. हजरत दाऊद अलैहिस्सलाम लोखंडाची चिलखतं बनवायचे, हे आपण मदरशात मुलांना शिकवतो. कुरआनात एका सूरहचं नावच ‘हदीद’ म्हणजे लोखंड आहे. इतकं सगळं सांगून झाल्यावर मुलीसाठी स्थळ येतं. “मुलगा काय करतो?” “गॅरेज आहे.” आणि बैठकीत सगळे गप्प. आठशे वर्षांपूर्वीचा मिस्त्री आपल्याला हवा असतो, गल्लीतला नको असतो.

यावर हरकत येईल की तुम्ही गरिबीचं कौतुक करताय. अजिबात नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं हा गुन्हा आहे आणि गॅरेज त्याला अपवाद नाही. ‘छोटू’ची जागा शाळेतच आहे. शिवाय सगळे मिस्त्री प्रामाणिक नसतात. साधा काळा लेप दाखवून गिऱ्हाइकाला घाबरवणारे, गरज नसताना इंजिन खोलायला लावणारे आहेतच. पण वैद्यकीतही असे लोक आहेत, म्हणून वैद्यक अडाणी ठरत नाही. फरक असा की डॉक्टरकडे पदवी आहे, नोंदी आहेत, त्याला जाब विचारता येतो. मिस्त्रीचं ज्ञान नजरेत आणि बोटांत राहतं. तो गेला की तेही जातं.

खरा धोका इथे आहे. आपल्या समाजात स्वयंरोजगारावर जगणाऱ्यांचं प्रमाण मोठं आहे, हे सच्चर समितीनं २००६ मध्येच नोंदवलं होतं. आता विजेच्या गाड्या येत आहेत. त्यांच्यात इंजिन ऑइल नाही, चेंबर नाही, हा बोल्टही नाही. खुणेवरून कारण शोधण्याची जी अक्कल मिस्त्रीकडे आहे, ती तिथेही लागणार आहे. पण कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या दारात अक्कल विचारत नाहीत, कागद विचारतात. असलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारच्या कौशल्य विकास योजनेत २०१५ पासून आहे. आपल्या किती मोहल्ल्यांत तिचा फॉर्म भरून द्यायला कुणी बसतं?

म्हणून सरळ मागणी करतो. जमातींनी आणि ट्रस्टांनी सत्काराच्या शाली आणि ट्रॉफ्यांवरचा थोडा खर्च या प्रमाणपत्रांकडे वळवावा. इशाच्या नमाजनंतर मशिदीच्या हॉलमध्ये बॅटरी, वायरिंग आणि मोटरचे वर्ग घ्यावेत. ते मुलांना समजेल त्या भाषेत व्हावेत, मराठीत, उर्दूत, दख्खनीत. शाळांनी चुंबकत्वाच्या धड्याला गल्लीतला मिस्त्री वर्गात बोलवावा आणि तो बोल्ट मुलांच्या हातात द्यावा. मिस्त्रींनी एक वही ठेवावी: गाडी, किलोमीटर, बोल्टवर काय दिसलं, पुढे काय निघालं. दहा वर्षांची अशी वही म्हणजे पुस्तकच.

आणि मंचावरच्या पाहुण्यांना विनंती. आपली परीक्षाही त्या चुंबकासारखीच आहे, एकच धातू धरते. जे तिला चिकटलं नाही, ते नाहीच असं समजू नका. मुलांना शिका म्हणा, जरूर म्हणा. पण ते सांगायला त्यांच्या बापाचे हात वापरू नका.