कामगार आजारी पडला की जकात आठवते, मग दरमहाच्या वर्गणीचं काय?

रमजान जवळ आला की भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या लूम कारखान्यांत एक गोष्ट हमखास घडते. साच्यावरचा एखादा कामगार महिनाभर खोकत असतो. एक्स-रे काढला की टीबी निघतो. सेठ मनाने वाईट नसतो. तो औषधाला पैसे देतो, गावी जायला रेल्वेचं तिकीट काढून देतो आणि वहीत ती रक्कम जकातीच्या खात्यावर मांडतो. मोहल्ल्यात कौतुक होतं. कामगार दुआ देत उत्तर प्रदेश-बिहारच्या गाडीत बसतो आणि पुढे त्याचं काय झालं, हे सहसा कोणी विचारत नाही.

इथे एक अवघड प्रश्न आहे. त्या कामगाराला जे खैरात म्हणून मिळालं, ते हक्क म्हणून मिळायला हवं होतं का? कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील, तर उत्तर सरळ 'होय' असं आहे.

हिशेब करून बघू. ईएसआयसीमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार येतो. 1 जुलै 2019 पासून मालकाची वर्गणी पगाराच्या 3.25 टक्के आणि कामगाराची 0.75 टक्का आहे. पगार 15,000 असेल तर मालकाचे साधारण 488 रुपये आणि कामगाराचे 113. दहा कामगारांचे मिळून मालकाच्या खिशातून महिन्याला पाच हजारांच्या आत जातात. त्याच्या बदल्यात कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून उपचार मिळतात. आजारपणात वर्षाला 91 दिवस पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते. टीबीसारख्या ठरावीक दीर्घ आजारांत, पुरेशी जुनी वर्गणी जमा असेल तर, 80 टक्के, आणि तेही दोन वर्षांपर्यंत. म्हणजे त्या 15,000 वाल्या कामगाराला महिन्याला सुमारे 12,000 रुपये घरबसल्या. सेठने दिलेलं तिकीट आणि औषधाचे पैसे याच्या शेजारी ठेवून बघा.

जकातीने आपल्यावरचं आधीचं देणं फिटत नाही, हे मदरशात शिकलेलं पोरही सांगेल. कायद्याने जी वर्गणी मालकावर लागू आहे ती मजुरीचाच भाग आहे. ती भरायची नाही आणि मग आजारपणात जकात द्यायची, यात नियत चांगली असली तरी हिशेब चुकतो. घाम सुकायच्या आधी मजुरी द्यायची शिकवण आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. ही न भरलेली वर्गणी त्यातच मोजायला हवी.

आणखी एक गंमत बघा. कामगाराच्या पगारातून कापलेले पैसे कामगाराने मालकाकडे विश्वासाने सोपवलेले आहेत असं मानावं, असं 1948 चा ईएसआय कायदा म्हणत असे. आपल्या भाषेत अमानत. कापून घेतलेले पैसे न भरणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून वळता करणं, हेही चालत नाही. काही ठिकाणी ते सर्रास होतं आणि 'पगारच तसा ठरला होता' असं सांगितलं जातं.

आता पळवाटेबद्दल. एका शेडमध्ये 24 साचे. आठ मोठ्या भावाच्या नावावर, आठ धाकट्याच्या, आठ बायकोच्या. प्रत्येकाकडे कागदावर सात-आठ माणसं. मालकी, मुकादम आणि पैशाचा व्यवहार प्रत्यक्षात एकच असेल तर कार्यालय ते सगळं एकच आस्थापना धरू शकतं. ठेकेदाराने आणलेली माणसंही दहाच्या मोजणीत येतात. आणि एकदा योजना लागू झाली की पुढे माणसं दहाच्या खाली गेली तरी ती सुटत नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेमुळे हा विषय पुन्हा तापला आहे. दहाची अट कायम आहे. पण ज्या कामाला केंद्र सरकार धोकादायक म्हणून जाहीर करेल, तिथे एक कामगार असला तरी योजना लागू करता येते. दहापेक्षा कमी माणसं असलेल्यांना, मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर, स्वेच्छेने येण्याची सोय आहे. छोट्या बेकऱ्या, गॅरेज, शिलाईचे कारखाने यांनी या सोयीकडे जरूर बघावं. दुसऱ्या एका संहितेत चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी मालकाने करून द्यायची आहे. जुन्या थकबाकीची चौकशी न करता नोंदणी करून घेणारी 'स्प्री' योजना 1 जुलै 2025 ला सुरू झाली, तिची मूळ मुदत 31 डिसेंबर 2025 होती. तेव्हा आपल्यातले किती सेठ पुढे आले, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावं.

मालकांची तक्रार मात्र खोटी नाही. 'पैसे भरतो, पण दवाखान्यात डॉक्टर नसतो, औषध बाहेरून आणा म्हणतात.' हे घडतं. डिसेंबर 2018 मध्ये अंधेरीच्या मरोळमधल्या ईएसआयसी रुग्णालयाला आग लागून माणसं दगावली, ते मुंबईचे कामगार विसरलेले नाहीत. ठाणे, उल्हासनगर, मुलुंड, नाशिक इथे रुग्णालयं आहेत, पण बारा तासांची पाळी करून तिथे रांगेत उभं राहायचं म्हणजे एक रोज बुडाला. यावर मालक संघटनांनी आवाज उठवला पाहिजे. वर्गणी भरणाऱ्याच्या आवाजाला वजन असतं. जो भरतच नाही तो कोणत्या तोंडाने बोलणार?

'महात्मा फुले योजनेचं पाच लाखांचं कवच आहेच ना,' असं काहीजण म्हणतात. आहे, आणि महाराष्ट्रातल्या रेशनकार्डधारकांसाठी ते मोठं आहे. पण ते रुग्णालयात भरती झाल्यावरच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. बुडालेली मजुरी त्यातून मिळत नाही. आणि लूमवरच्या अनेकांचं रेशनकार्ड गावाकडे, दुसऱ्या राज्यात असतं. ईएसआयसीत गावी राहणाऱ्या घरच्यांनाही तिथल्या दवाखान्यात उपचार घेता येतात.

विमा म्हटलं की व्याज आणि अनिश्चिततेचा प्रश्न येतो, तो आपल्या घरांत खराच आहे. त्यावर निकाल देणं पत्रकाराचं काम नाही, आपल्या मुफ्ती साहेबांना विचारावं. विचारताना एवढं सांगावं की ही बाजारातून स्वखुशीने घेतलेली पॉलिसी नाही, कायद्याने लागू झालेली वर्गणी आहे. 21,000 च्या वर पगार असलेल्यांसाठी खाजगी ग्रुप पॉलिसी घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी माफ झाला तो वैयक्तिक आणि कुटुंबाच्या पॉलिसीवर, ग्रुप पॉलिसीवर नाही.

सेठ लोकांच्या फायद्याची बाब सहसा कोणी सांगत नाही. पट्ट्यात हात सापडला, बोटं गेली, तर नोंदणीकृत कामगाराची भरपाई ईएसआयसी देते. कामावर येता येत नाही तोवर पगाराच्या 90 टक्के, आणि त्यासाठी किती महिने वर्गणी भरली हे बघत नाहीत. नोंदणी नसेल तर भरपाईचा दावा थेट मालकावर येतो. एका अपघातात दहा वर्षांच्या वर्गणीपेक्षा जास्त रक्कम जाऊ शकते. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजारही कायद्याच्या यादीत व्यवसायजन्य रोग म्हणून आहे.

आजारपणाच्या रोख लाभासाठी मात्र सहा महिन्यांच्या टप्प्यात किमान 78 दिवसांची वर्गणी जमा असावी लागते. एप्रिल ते सप्टेंबर हा एक टप्पा, ऑक्टोबर ते मार्च दुसरा. म्हणून खोकला सुरू झाल्यावर नाव घालून भागत नाही. ज्या महिन्यात माणूस साच्यावर उभा राहिला, त्याच्या पुढच्या महिन्याच्या 15 तारखेला त्याची पहिली वर्गणी भरलेली असली पाहिजे.