काळी माझी, गव्हाची त्याची

काळी बिअर पुरुषाची आणि फिकट, ढगाळ, फळांच्या वासाची बिअर बाईची, हे वेटरांना कोण शिकवतं कोण जाणे. बंगळुरूत एका ठिकाणी (नाव घेत नाही, पोरगा बिचारा नवीन होता) ट्रे आला आणि न विचारता स्टाउट नवऱ्यापुढे गेली, गव्हाची बिअर माझ्यापुढे. त्याची पाठ वळताच आम्ही ग्लास बदलले. पुढच्या फेरीला पुन्हा तेच. नवरा म्हणाला, "अगं, तो चुकत नाहीये, आपल्याला सुधारतोय."

आमच्या घरात बिअरची आवड मला. नवरा अर्ध्या ग्लासात समाधानी होणारा माणूस. शनिवार-रविवारला सुट्टीचा सोमवार जोडून आला तेव्हा 'बंगळुरूच्या ब्रुअऱ्या बघायच्या' हा प्रस्ताव माझाच होता. त्याने तो एका अटीवर मान्य केला: सकाळ त्याची, संध्याकाळ माझी. म्हणजे सकाळी मल्लेश्वरमला सीटीआरचा लोण्याने थबथबलेला बेन्ने डोसा, नाहीतर गांधी बाजारात 1943 पासून चालू असलेल्या विद्यार्थी भवनाची रांग. दुपारनंतर मी म्हणेन तिथे. संसारात इतका स्वच्छ करार आम्ही क्वचितच केला असेल.

या शहराचं आणि बिअरचं नातं आयटीवाल्यांनी जुळवलेलं नाही. 1809 मध्ये इथे इंग्रजांनी कॅन्टोन्मेंट वसवलं. गोरा सोल्जर आला की मागोमाग बिअर येणारच. 1915 मध्ये थॉमस लीशमन या स्कॉटिश माणसाने दक्षिणेतल्या लहान ब्रुअऱ्या एकत्र करून युनायटेड ब्रुअरीज उभी केली. तेव्हा पिंपं बैलगाड्यांतून पलटणींकडे जात. पुढे ती कंपनी विठ्ठल मल्ल्यांकडे आली. ब्रुअरीच्या जुन्या जागेवर आज यूबी सिटी नावाचा चकचकीत मॉल आहे आणि त्याच्या समोरच्या रस्त्याला विठ्ठल मल्ल्यांचंच नाव आहे. (मुलाचं नाव कुठल्या रस्त्याला मिळेल अशी चिन्हं नाहीत.) ऐंशी-नव्वदच्या दशकात इथे पब फोफावले. ब्रिगेड रोडलगतचं 1989 चं पेकोस अजून रॉक संगीत आणि मग घेऊन बसलेलं आहे. मग 2010 मध्ये इंदिरानगरात टॉइट आलं, 2012 मध्ये मॅग्राथ रोडवर आर्बर. बिअर जिथे बनते तिथेच प्यायची, हा प्रकार नंतर शहरभर पसरला.

आता इथे मराठी माणसाने शहाजीराजांची जहागीर आठवून एक उसासा टाकायची पद्धत आहे. टाकला. 1687 मध्ये हे शहर तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराय वडियारांकडे गेलं, हेही नवऱ्याने मला डोसा खाता खाता सांगितलं. तीन लाखांत आज इंदिरानगरात दुकानाचं डिपॉझिट तरी भागेल का, ही त्याची पुढची शंका.

असल्या दौऱ्याला खरी सोय केली आहे मेट्रोने. जांभळ्या मार्गावर इंदिरानगर आहे, एमजी रोड आहे आणि 2023 पासून ती पार व्हाइटफिल्डपर्यंत जाते. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल सापडलं की आपल्या कायद्याने गाडी चालवणं गुन्हा. ही मर्यादा फार लवकर येते. दोघांपैकी एकाने कोरडं राहायचं आणि स्टिअरिंगमागून दुसऱ्याची मजा बघायची, हा त्याग मेट्रोमुळे टळला.

या सगळ्यात माझ्यासाठी सर्वांत सुंदर भाग पिण्याचा नव्हता. ओळखीतून एका लहानशा ब्रुअरीत सकाळच्या वेळी आत शिरायला मिळालं. गमबूट घातलेला ब्रुअर, ओली फरशी, आणि उकडलेल्या धान्याचा गोडसर, जड वास. त्याने पहिल्यांदा हातावर माल्ट ठेवलं: जव भिजवून, मोड आणून, वाळवलेलं. चावलं की आधी टणक, मग कुरकुरीत, मग चक्क गोड. हे भरडून पासष्ट अंशांच्या आसपासच्या पाण्यात साधारण तासभर ठेवतात. त्यात पिठाची साखर होते. तापमान चार-पाच अंश चढलं तर यीस्टला खाता येईल अशी साखर कमी बनते आणि बिअर अंगाने जड राहते. मग गाळायचं, उकळायचं, उकळताना हॉप्स घालायचे, थंड करायचं, यीस्ट सोडायचं. त्यानंतर एलला दोनेक आठवडे, लागरला त्याहून बरेच जास्त. एका घाण्याचं यीस्ट टाकीच्या तळाशी बसतं ते काढून पुढच्या घाण्याला लावतात, अगदी विरजणासारखं. ते बिघडलं की ब्रुअर कसा अस्वस्थ होतो हे मला लगेच कळलं. बाकी त्याच्या दिवसाचा मोठा भाग धुण्या-पुसण्यात जातो. टाक्या, नळ्या, झडपा, पुन्हा टाक्या. "ब्रुइंग शिकायला आलो होतो, भांडी घासायला शिकलो," तो म्हणाला. माझ्या नवऱ्याने माझ्याकडे बघायचं टाळलं.

मग त्याने हॉप्सच्या दाबून केलेल्या गोळ्या दिल्या. तळव्यावर चोळायच्या आणि नाकाशी न्यायच्या. हिरवी पूड झाली, हात चिकट झाला आणि एकाच वेळी लिंबाची साल, ओलं गवत आणि काहीतरी राळेसारखं असा वास आला. तो संध्याकाळपर्यंत गेला नाही. हॉप्सच्या वेलीत नर वेगळा, मादी वेगळी. बिअरला फक्त मादी वेलीची बोंडं चालतात. बाराव्या शतकात हिल्डेगार्ड नावाच्या जर्मन जोगिणीने हॉप्सने पेय टिकतं असं लिहून ठेवलं होतं. त्याच्याही अडीच हजार वर्षांहून आधी सुमेरमध्ये बिअरची देवता होती, निन्कासी. तिच्या स्तोत्रातच बिअर करायची कृती आहे. एवढं लांब जायचीही गरज नाही. झारखंडची हंडिया असो, अरुणाचलची आपोंग असो, ती घालायचं काम बायकांचंच. बिअर बनवण्यात बाई होती, वाढण्यात होती, विकण्यात होती. तिचा ग्लास तेवढा कुठेतरी हरवला.

माझ्या माहेरी शनिवारी संध्याकाळी वडील वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली आणत. आई पापड तळून देई आणि स्वयंपाकघरात परत जाई. तिने तो ग्लास कधी नाकाशीही नेला असेल असं वाटत नाही. पुढे कॉलेजात असताना परमिट रूम बघितली ती बाहेरूनच: काळ्या काचा आणि एका कोपऱ्यात 'एसी फॅमिली रूम'. बाईला दारूच्या ठिकाणी बसवायचं तर आधी तिचं कुटुंबात रूपांतर करायचं, मग पडदा लावायचा. आणि हे फक्त पिण्यापुरतं नव्हतं. दारू मिळते तिथे बायकांना नोकरी देऊ नये असं कलम पंजाबच्या अबकारी कायद्यात होतं आणि ते दिल्लीतही लागू होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवलं 2007 मध्ये. त्यानंतर दोन वर्षंही झाली नव्हती, जानेवारी 2009 मध्ये, याच कर्नाटकात मंगळूरच्या एका पबमध्ये शिरून टोळक्याने मुलींना मारलं. पळणाऱ्या मुलींची ती दृश्यं टीव्हीवर दिवसभर फिरत होती. टॉइट उघडलं ते त्याच्या पुढच्या वर्षी. म्हणून तिथल्या गर्दीत शेजारच्या टेबलावर चार मुली ऑफिसचं गाऱ्हाणं करत बसलेल्या दिसल्या, कुणी त्यांच्याकडे वळूनही बघत नव्हतं, तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, हे बघ, मी हे बघायला आले आहे. तो मेनू वाचत होता. "बासमतीची बिअर आहे," म्हणाला.

होती. बासमती ब्लाँड. तांदळामुळे बिअर अंगाने हलकी होते आणि तोंड कोरडं राहतं. नवऱ्याला ती भाताच्या नात्याने आवडली. मला मात्र नायट्रो स्टाउटने जिंकलं. काळेपणा येतो भाजलेल्या जवातून, कॉफीचा कडवटपणाही तिथूनच. या बिअरमध्ये मुख्यतः नायट्रोजन सोडतात, म्हणून बुडबुडे बारीक आणि फेस सायीसारखा दाट. ग्लास टेबलावर आला की हात लावू नका, थोडा वेळ नुसतं बघा. बुडबुडे वर जायच्या ऐवजी काचेलगत खाली घरंगळताना दिसतात. डोळ्यांचा भ्रम नाही तो. ग्लासाच्या मध्यातून बुडबुडे वर जातात, सोबत बिअर वर खेचतात, आणि ती कडेने खाली उतरताना लहान बुडबुड्यांना घेऊन येते. आम्ही दोघं नाकं ग्लासाला लावून बसलो होतो. शेजारच्या मुलींनी तेव्हा मात्र वळून बघितलं.

आर्बरचं मूळ अमेरिकेत, मिशिगनमधल्या अॅन आर्बरमध्ये. मॅग्राथ रोडच्या आर्बरमध्ये रेजिंग एलिफंट नावाची आयपीए घेतली. नवऱ्याने एक घोट घेऊन ग्लास माझ्याकडे सरकवला: "हे बरं नसताना घ्यायचं का?" हॉप्सचा कडूपणा पहिल्या घोटाला कुणालाच आवडत नाही, तिसऱ्याला जिभेची समजूत पटते. त्याची पटली नाही. त्याला गव्हाच्या हेफेवाइझनमध्ये केळ्याचा वास आला आणि तो वेटरला इसेन्स कुठला घालता असं विचारू लागला. केळं नाही, इसेन्स नाही. ते यीस्टचं काम आहे. आंबताना जो रेणू ते तयार करतं तोच पिकल्या केळ्यातही असतो. हे ऐकल्यावर मात्र त्याने ती पूर्ण संपवली. रसायनशास्त्रात पदवी घेतलेल्या माणसाला असंच पटवावं लागतं.

व्हाइटफिल्डचं विंडमिल्स मात्र वेगळ्याच जातीचं. पुस्तकांच्या उंच कपाटांनी भरलेल्या भिंती आणि मध्ये जॅझसाठी रीतसर रंगमंच. बिअर पिताना पुस्तकं हाताशी असणं ही कल्पना मला इतकी पसंत पडली की ती घरी राबवायचा विचार केला. घरचे आडवे येतील, पण बघू.

तक्रारी आहेत. किमती पुण्यापेक्षा फार वेगळ्या नाहीत, म्हणजे चढ्याच. रविवारी संध्याकाळी आवाज इतका की दोघांनी एकमेकांशी बोलायचं तर खुणांनी. आणि सँपलर मागा हे माझं सांगणं. पाच-सहा लहान ग्लास लाकडी फळीवर मांडून येतात, दोघांना पुरतात, आणि माणूस गटागटा न पिता चाखत बसतो. हे तंत्र पुण्यातही चालेल. 2009 मध्ये डूलाली या ब्रुअरीने पुण्यातच सुरुवात केली होती आणि टॉइटचीही शाखा आता कल्याणीनगरला आहे. मग इतक्या लांब कशाला गेलीस, असं सासूबाईंनी विचारलं. त्यांना मी डोसे सांगितले.

एक गोष्ट मात्र त्यांनाही मोकळेपणाने सांगितली, कारण ती त्यांना लगेच पटली असती, आणि पटली. बिअर हे तासाभरात उठवणारं पेय आहे. पिढ्यान्‌पिढ्या बायका बारमध्ये बसल्या नाहीत याला संस्कार जितके कारण तितकंच, माझ्या मते, बारमागचं ते दार न लागणारं, बल्ब गेलेलं, एकमेव स्वच्छतागृह. त्यामुळे मी कुठेही गेले की टाक्या नंतर, आधी ते बघते. कडी लागते का, पाणी आहे का, पर्स अडकवायला हूक आहे का. या दौऱ्यात बहुतेक जागा पास झाल्या. एक साफ नापास. वर नावं घेतलीत त्यांतली नाही, आणि नाव सांगणारही नाही. वाईट एवढंच की संपूर्ण दौऱ्यातली सर्वांत चांगली स्टाउट तिथेच मिळाली होती, आणि मी ती अर्धी टाकून उठले. उरलेली नवऱ्याने संपवली. त्याला आवडली म्हणे.